मार टाचेला, इजा मणक्याला

दहीहंडीच्या दिवसांत ठाण्यात हमखास ऐकू येणारा एक समज असा की, जिथे मार बसला आणि सूज आली, तिथेच इजा असते. बाकीचे शरीर सुखरूप. हा समज चुकीचा आहे, कारण आघाताचा जोर हाडांतून आणि सांध्यांतून पुढे सरकतो व आदळलेल्या जागेपासून दूरही मोडतोड करू शकतो.

थरावरून टाचांवर पडलेल्या गोविंदाचेच उदाहरण घ्या. टाचेचे हाड मोडते, पण तोच जोर पाय आणि खुब्यांतून वर चढून, पाठीचा ताठर भाग कमरेच्या लवचीक भागाला जिथे जुळतो, त्या जागचा मणका चेपू शकतो. टाचेचे हाड असे मोडलेल्या सुमारे १० टक्के रुग्णांत कमरेच्या मणक्यालाही इजा आढळते. टाच इतकी ठणकते की रुग्ण पाठीविषयी बोलतच नाही. म्हणूनच डॉक्टरांनी पाठीचा एक्स-रे सांगितला, तर तो उगाच वाढवलेला खर्च समजू नये.

हात टेकून पडल्यावर मनगट शाबूत राहून कोपराजवळचे हाड मोडते, तेही याच न्यायाने.

मेंदूच्या बाबतीत तर डोके कशावर आदळावेच लागते असे नाही. वयस्कर माणसांत केवळ जोराच्या हिसक्यानेही मेंदूवरील बारीक शिरा फाटून रक्त हळूहळू साचू शकते, आणि डोकेदुखी, तोल जाणे, विसराळूपणा ही लक्षणे काही आठवड्यांनी दिसू लागतात. तोवर घोडबंदर रस्त्यावर रिक्षात बसलेला तो गचका घरच्यांना आठवतही नसतो.