हाताशी असलेल्या अक्षरांतून इंग्रजी शब्द : पार्श्वभूमी

सोलापूर हे नाव आजच्या इंग्रजी लिखाणात सात अक्षरांचे आहे : एस, ओ, एल, ए, पी, यू, आर. अक्षरांच्या टाइल पटावर मांडून शब्द बनवण्याच्या स्क्रॅबल या खेळात विशेषनामे चालत नसल्याने ते पटावर मांडता येत नाही. परंतु हीच सात अक्षरे निराळ्या क्रमाने लावली की ‘पार्लस’ हे बिकट, धोक्याचे अशा अर्थाचे विशेषण तयार होते आणि ते चालते. पटावरील गुण वाढवणाऱ्या विशेष चौकटींचा लाभ न धरता त्याचे 9 गुण होतात आणि सातही टाइल एकाच खेळीत वापरल्याबद्दल आणखी 50 मिळतात. हा शब्द या सात अक्षरांत दडलेला आहे हे मात्र कोणताही शब्दकोश सांगत नाही, कारण शब्दकोश पहिल्या अक्षरापासून लावलेला असतो आणि खेळाडूला पहिले अक्षरच ठाऊक नसते.

न्यूयॉर्कच्या एका वृत्तपत्रात 1913 च्या डिसेंबरमध्ये पहिले शब्दकोडे छापले गेले, तेव्हापासून ही अडचण वाचकांच्या घरी पोहोचली. मंदीच्या काळात काम गेलेल्या एका अमेरिकी वास्तुविशारदाने वृत्तपत्रांतील अक्षरे मोजून त्यांची वारंवारता काढली आणि तिच्यावर आपल्या खेळाचे गुण बेतले. 1948 मध्ये त्या खेळाला स्क्रॅबल हे नाव मिळाले. शंभर टाइलमध्ये ‘ई’ 12 आणि ‘क्यू’ एकच, ही विभागणी त्या मोजणीतून आली.

‘ही अक्षरे असलेला शब्द’ हा शब्दप्रयोग दिसतो तितका सरळ नाही. ती अक्षरे सलग हवीत, की मध्ये इतर अक्षरे आली तरी चालतील, क्रम पाळायचा, की मोडायचा, एकच ‘एल’ हाताशी असताना दोन ‘एल’चा शब्द धरायचा का, आणि दिलेल्या अक्षरांखेरीज दुसरे अक्षर येऊ द्यायचे का, या प्रत्येक प्रश्नाच्या उत्तरागणिक शब्दांची यादी बदलते. मराठी माणसाला यात आणखी एक पेच असतो, कारण आपल्या ‘अक्षर’ या शब्दात स्वर आणि व्यंजन मिळून येतात : ‘सोलापूर’ देवनागरीत चार अक्षरांचे आहे. क्रम मोडणाऱ्या शोधासाठी खेळाडूंनी काढलेली युक्ती फार सोपी आहे. प्रत्येक शब्दाची अक्षरे वर्णानुक्रमाने लावायची आणि त्या क्रमावर नवी यादी रचायची. सोलापूर आणि पार्लस या दोहोंची अशी मांडणी ए, एल, ओ, पी, आर, एस, यू हीच येते. या मांडणीला ‘अल्फाग्रॅम’ म्हणतात. गंभीर खेळाडू आजही शब्द याच रूपात पाठ करतात आणि संगणकावरील बरीच शोधसाधने आतून हेच करतात.

खरा वाद शोधण्याच्या रीतीचा नव्हता, तो खेळात ग्राह्य शब्दांच्या यादीचा होता. अमेरिकेत 1978 मध्ये पाच महाविद्यालयीन शब्दकोशांवरून खेळाडूंसाठी स्वतंत्र कोश तयार झाला. ब्रिटनमध्ये एका जुन्या, मोठ्या शब्दकोशाचा आधार घेतला जात असे आणि तेथील अधिकृत यादी 1988 मध्ये निघाली. जागतिक स्पर्धा 1991 मध्ये लंडनला सुरू झाली, तेव्हा दोन्हींपैकी कोणत्याही यादीतील शब्द ग्राह्य धरावा लागला. या संयोगाला मिळालेले ‘सोपॉड्स’ हे नाव दोन्ही कोशांच्या आद्याक्षरांची उलथापालथ करून बनवलेले आहे, म्हणजे ते स्वतःच अक्षरांचा खेळ आहे. अनेक जण मात्र त्याला एखाद्या शब्दकोशाचे नाव समजतात. पुढे ब्रिटनने संयुक्त यादी स्वीकारली. अमेरिकेने आपल्या अंतर्गत स्पर्धांसाठी स्वतःची लहान यादी कायम ठेवली आणि हा निर्णय, माझ्या मते, खेळाचे नुकसान करणारा ठरला, कारण त्यामुळे एकाच खेळात शब्द म्हणजे काय याची दोन उत्तरे उरली.

आपल्याकडील स्पर्धांत ही संयुक्त, म्हणजेच आंतरराष्ट्रीय यादी चालते आणि सोलापूरच्या मुलांना ती सोयीची आहे. घरी तेलुगू, कन्नड किंवा उर्दू, गल्लीत मराठी आणि शाळेत इंग्रजी अशा शहरात ‘क्यू’नंतर ‘यू’ न येणारे शब्द परके वाटत नाहीत : तलाक, कव्वाली, नकाब हे शब्द उर्दूतील ‘क़ाफ’ या अक्षराची ओळख सांगत ‘क्यू’ने लिहिले जातात आणि यादीत आहेत. चादरीच्या या शहराची चादरही तेथे आहे : एका ‘डी’ची, दोन ‘डी’ची आणि पहिल्या ‘ए’च्या जागी ‘यू’ घालून लिहिलेली, अशी निरनिराळ्या रूपांत.

गेल्या काही वर्षांत याद्या अधिक वेगाने हलू लागल्या. अपमानास्पद शब्द गाळण्याचा निर्णय 2020 मध्ये अमेरिकी यादीसाठी आणि 2021 मध्ये आंतरराष्ट्रीय यादीसाठी झाला. त्याच 2021 च्या ऑक्टोबरात सर्वांसाठी खुल्या झालेल्या वर्डल या पाच अक्षरी शब्द ओळखण्याच्या खेळाने शोधाचा प्रश्नच बदलला : अक्षर आहे, पण या जागी नाही, अशी अट लाखो लोकांच्या तोंडी आली.

जुन्या याद्या मात्र वापरातून गेल्या नाहीत. नव्वदच्या दशकात सर्वांसाठी मोफत खुली केलेली 1,72,820 शब्दांची एक यादी आजही अनेक शोधसाधनांच्या मुळाशी आहे. ‘क्यू’ आणि ‘आय’ या दोनच अक्षरांनी लिहिला जाणारा ‘ची’ हा चिनी शब्द आंतरराष्ट्रीय यादीत आधीपासून होता, अमेरिकी यादीत तो 2006 मध्ये आला आणि त्या मोफत यादीत तो नाही. त्यामुळे मोबाइलवरील साधनाने ‘असा शब्द नाही’ असे उत्तर दिले, तरी पटावर तो शब्द बरोबर असू शकतो.