जन्मतारीख एक दिवस मागे का जाते?

प्रवेशाचे दिवस आले की लातूर-नांदेडच्या नेट कॅफेंत एक तक्रार हमखास ऐकू येते. अर्जात मुलीची जन्मतारीख १७ सप्टेंबर निवडली आणि प्रिंटवर १६ आली! बोल लागतो तो अर्ज भरणाऱ्या पोराला. पुष्कळदा त्याची काहीच चूक नसते.

ब्राउझरमध्ये चालणाऱ्या जावास्क्रिप्ट या प्रोग्रामिंग भाषेतला 'डेट' हा प्रकार नावाने तारीख असला, तरी मोजतो तो क्षण. १ जानेवारी १९७० रोजी यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेनुसार, रात्रीचे बारा वाजून तो दिवस सुरू झाला. तेव्हापासून किती मिलिसेकंद झाले, एवढाच आकडा त्याच्यापाशी असतो. (मराठवाडा मुक्त झाला तो १७ सप्टेंबर १९४८ या मोजणीत ऋण संख्या होतो.)

कॅलेंडरात १७ सप्टेंबर २०१० वर बोट ठेवलं, की बरेच प्रोग्राम त्या दिवसाची सुरुवात, म्हणजे भारतीय वेळेचे ००:०० धरतात. आपलं घड्याळ यूटीसीच्या साडेपाच तास पुढे. म्हणजे त्या क्षणी तिकडे अजून १६ तारखेचे १८:३० वाजलेत. साठतो तो आकडा १२८४६६१८०००००. सर्व्हरला पाठवताना 'टूआयएसओस्ट्रिंग' हे फंक्शन त्याचं यूटीसीत रूपांतर करतं: २०१०-०९-१६, पुढे १८:३०. प्रोग्रामर पहिली दहा अक्षरं ठेवतो, वेळ कापून टाकतो, आणि डेटाबेसात १६ तारीख पक्की होते.

हाच कोड लंडनमध्ये हिवाळ्यातल्या जन्मतारखा बरोबर दाखवतो आणि उन्हाळ्यातल्या एक दिवस मागे नेतो, कारण तिथे उन्हाळ्यात घड्याळ तासभर पुढे करतात. न्यूयॉर्कचं वेगळंच. तिथलं घड्याळ यूटीसीच्या मागे, म्हणून पाठवताना तारीख शाबूत राहते, पण नुसतं '२०१०-०९-१७' वाचायला दिलं तर जावास्क्रिप्ट ते यूटीसीचे ००:०० समजतं आणि स्थानिक वेळेत १६ ची संध्याकाळ दाखवतं. त्यालाच वेळ जोडून टाइमझोन लिहिला नाही, तर मात्र स्थानिक वेळ धरतं!

प्रिंटवरच्या तारखेवरून कुणी नवी पत्रिका मांडून देत असेल, तर पैसे घालवू नका. दुरुस्ती कोडमध्ये करायची आहे.

जन्मतारीख हा क्षण नाहीच, तिला टाइमझोन लावूच नये. वर्ष, महिना, दिवस असा साधा मजकूर पाठवावा आणि डेटाबेसातही नुसती तारीख ठेवावी. तारीख-वेळ हाताळण्यासाठी जावास्क्रिप्टमध्ये आलेल्या नव्या 'टेम्पोरल' या सोयीत यासाठी 'प्लेनडेट' हा स्वतंत्र प्रकार आहे. अर्ज भरण्याची मुदत मात्र खराखुरा क्षण असते. ती यूटीसीतच साठवावी आणि दाखवताना भारतीय वेळ दाखवावी.