जिंतूरचं ‘जिल्हातूर’ कसं झालं?

परभणीच्या मोंढ्यातल्या एका बियाणांच्या दुकानात मुनिमांनी परवा मला गिऱ्हाइकांची यादी दाखवली. मूळ पत्ता ‘मु.पो. बोरी, ता. जिंतूर, जि. परभणी’. त्यांच्या मुलानं मजकूर शोधून बदलणाऱ्या ‘सेड’ नावाच्या प्रोग्रॅमला सांगितलं, ‘जि.’ दिसेल तिथं ‘जिल्हा’ कर. झालं ते असं: ‘ता. जिल्हातूर, जिल्हा परभणी’.

“संगणकाला मराठी झेपतच नाही बघा,” मुनीम म्हणाले. असं म्हणणारे गावोगाव भेटतात. पण मराठीचा इथं काडीचाही दोष नाही. दोष त्या टिंबाचा.

सेडसारख्या प्रोग्रॅममध्ये शोधायचा मजकूर हा नमुना असतो. अशा नमुन्यांचं गणित गणितज्ञ स्टीफन क्लेनी यांनी १९५६ साली छापलं, आणि त्यावरून मजकूर शोधायची रीत संगणकतज्ज्ञ केन थॉम्पसन यांनी १९६८ मध्ये प्रसिद्ध केली. या नमुन्यात टिंब म्हणजे ‘इथं कुठलंही एक चिन्ह चालेल’.

युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकात अक्षरं साठवायच्या पद्धतीत, ‘जिंतूर’ची चिन्हं सहा: ज, वेलांटी, अनुस्वार, त, ऊकार, र. नमुन्याला ज सापडला, वेलांटी सापडली, आणि ‘कुठलंही एक’ म्हणून अनुस्वारही चालला. तिन्ही उडाले, तिथं ‘जिल्हा’ बसला, मागं राहिलं ‘तूर’.

शाळेतलं श्रुतलेखन आठवा. बाई ‘स्वल्पविराम’ म्हणाल्या की आपण ते चिन्ह काढायचो. पण धडाच विरामचिन्हांवरचा असला, तर बाईंना सांगावं लागायचं, “स्वल्पविराम हा शब्द लिहा.” बॅकस्लॅश, म्हणजे उलटी तिरकी रेघ, नेमकं हेच काम करते. ‘जि\.’ लिहिलं की टिंब नुसतं टिंब उरतं. याला एस्केप करणं म्हणतात. ही रेघ संगणकाच्या अक्षरसंचात यावी असं संगणकतज्ज्ञ बॉब बेमर यांनी १९६१ मध्ये सुचवलं, तेही दुसऱ्याच कामासाठी: /\ आणि \/ ही ‘आणि’, ‘किंवा’ची तर्कचिन्हं जुळवता यावीत म्हणून.

मला सगळ्यात आवडतं ते पुढचं. जागा बदलली की नियमही बदलतात. बदली मजकुरात, म्हणजे सापडलेल्याच्या जागी बसणाऱ्या मजकुरात, टिंब साधंच असतं, पण तिथं & ला खास अर्थ येतो: ‘जे सापडलं ते जसंच्या तसं’. सेडला हुकूम देतात तो s/शोधायचं/बदली/ असा. म्हणून s/आणि सन्स/& सन्स/ दिलं की पाटी होते ‘आणि सन्स सन्स’. तिथं \& हवं. आणि खुद्द बॅकस्लॅशच हवा असेल तर \\. जावासारख्या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत आणखी एक पायरी: आधी भाषा स्वतः मजकूर वाचते आणि दोन बॅकस्लॅशचा एक करते, उरलेलं नमुन्यापर्यंत पोचतं. त्यामुळे एक बॅकस्लॅश शोधायला चार लिहावे लागतात. कागदावर एकेक पायरी उतरवून पाहा, हिशेब चोख जुळतो.

त्या संगणकावर लिंबू-मिरची टांगली होती. ती काढायला मी मुनिमांना स्पष्टच सांगितलं. हा बिघाड नजर लागून झालेला नव्हता. तो एका चिन्हात होता, आणि तो बोट ठेवून दाखवता येत होता.

मग आम्ही मूळ यादीवर ‘जि\.’ चालवलं. जिंतूर शाबूत राहिलं. पण खाली एका गिऱ्हाइकाचा पत्ता होता ‘जि.प. शाळेजवळ’. त्याचं झालं ‘जिल्हाप. शाळेजवळ’. मुलानं जरा विचार केला, टिंबापुढं एक मोकळी जागा नमुन्यात घातली, बदली मजकुरातही घातली, आणि यादी पुन्हा चालवली.