०.०५ उचलला, अट शेतातच राहिली

कोल्हापूर भागात ऊस वाणाचा प्रयोग आखताना एक वाण एकाच पट्ट्यात लावत नाहीत. रानाचे तीन-चार भाग पाडून प्रत्येक भागात सगळे वाण घेतात आणि कुठला वाण कुठल्या वाफ्यात, हे सोडतीने ठरवतात. नाहीतर पाटाजवळचा ऊस जोमात येतो आणि श्रेय मात्र वाणाला जातं. अखिल भारतीय समन्वित ऊस संशोधन प्रकल्पाच्या पुढच्या टप्प्यात तर दोन लागणी आणि एक खोडवा, असे आकडे अनेक केंद्रांवर घेतात.

ही शिस्त संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी १९२० च्या दशकात इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेड शेती संशोधन केंद्रात बसवली. ०.०५ ची रेघही त्यांचीच: खरा फरक नसताना इतका किंवा याहून मोठा फरक निव्वळ योगायोगाने विसात एकदाच दिसेल. पण १९२६ मध्ये त्यांनीच अट घातली होती की, नीट आखलेला प्रयोग या रेघेपर्यंत पोचायला क्वचितच चुकला, तरच गोष्ट सिद्ध धरावी. रेघ सगळ्या शाखांनी उचलली; अट फारशी कुणी नेली नाही.

आता बघा, उंची, कांड्या, जाडी, ब्रिक्स (रसातल्या साखरेचा अंदाज) अशा वीस गोष्टी मोजल्या, त्यांचा एकमेकांशी संबंध नाही असं धरलं आणि खरा फरक कशातच नसला, तरी एक तरी रेघेखाली येण्याची शक्यता ६४ टक्के. छापून बहुधा तेवढीच येते. उरलेली फाइलच्या खणात राहतात, ही भीती मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट रोझेन्थल यांनी १९७९ मध्येच मांडली होती. २००५ मध्ये संशोधक जॉन इओनिडिस यांनी लहान नमुने आणि लवचिक विश्लेषण यांमुळे छापलेले निष्कर्ष कसे चुकतात, याचं गणित मांडलं. २०१२ मध्ये अ‍ॅमजेन कंपनीच्या शास्त्रज्ञांना कर्करोगाच्या गाजलेल्या ५३ अभ्यासांपैकी पुन्हा करून पाहताना ६ च जुळले. २०१५ मध्ये मानसशास्त्राचे १०० अभ्यास पुन्हा केले: मूळ लेखांत ९७ टक्के 'सिग्निफिकंट' (म्हणजे रेघेखाली), फेरप्रयोगात ३६. (बाकीचे सगळे खोटे, असा याचा अर्थ नाही. एकदा न जुळणं हाही एकच वाफा.)

आपल्याकडे पीएचडीच्या प्रबंधाआधी पेपर छापण्याची सक्ती यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २००९ च्या नियमांनी आली आणि पैसे घेऊन छापणाऱ्या जर्नलांना गिऱ्हाईक मिळालं. २०१९ मध्ये यूजीसीची केअर यादी, म्हणजे मान्य जर्नलांची यादी आली, २०२२ मध्ये सक्ती गेली, २०२५ मध्ये यादीही बंद झाली. आता जर्नल पारखणं शिवाजी विद्यापीठासारख्या संस्थांच्याच गळ्यात आहे.

औषधचाचण्यांचं बरं आहे. सीटीआरआय ही भारतातल्या वैद्यकीय चाचण्यांची नोंदवही २००७ पासून आहे, २००९ पासून नोंद सक्तीची. पेपरमधला सीटीआरआय क्रमांक नोंदवहीच्या संकेतस्थळावर टाकून आधी नोंदलेलं मुख्य मोजमाप आणि छापलेलं मोजमाप शेजारी ठेवावं. मोजमाप बदललेलं असेल आणि कारण दिलेलं नसेल, तर पेपर बाजूला ठेवावा.