चांदरचं ब्रागांझा घर आणि त्यामागचा इतिहास

गोव्यातल्या साष्टी तालुक्यात चांदरच्या चर्चजवळ ते लांबच लांब दुमजली घर दिसतं, समोर खिडक्यांची लांब रांग, आणि बघणारा पटकन म्हणतो काय मस्त पोर्तुगीज बंगला. मला हे पटत नाही. घराणं इथलंच, धर्मांतर झालेलं हिंदू घराणं. गाव म्हणजे जुनं चंद्रपूर, एके काळी कदंबांची राजधानी, कोटाच्या जागेवर डोकं नसलेला नंदी आजही आहे. १५६७ च्या सुमारास साष्टीतली देवळं पाडली गेली, लोक बाटले किंवा देव घेऊन नदीपार गेले, पण गावात राहिले त्यातल्या मोठ्या घराण्यांकडे जमिनी राहिल्या आणि असली घरं त्या जमिनीवरच उभी राहिली.

बांधणी बघा ना. भिंती आपल्याच चिऱ्यांच्या, वर चुन्याचा गिलावा. हिंदू वाड्यात सगळं आत वळलेलं, मध्ये राजांगण, तुळस, परका माणूस ओसरीवरच. कॅथलिक भाटकारांनी, म्हणजे जमीनदारांनी, आतला चौक बऱ्याचदा ठेवला पण दर्शनी बाजू रस्त्याकडे उघडली, बलकांव म्हणजे दारापुढचा बसायचा ओटा काढला, वर नाचाचा मोठा हॉल. चांदरला त्या हॉलमध्ये इटालियन संगमरवर आणि बेल्जियमची झुंबरं आहेत. साष्टीतल्या जुन्या घरांत खिडक्यांना काचेऐवजी शिंपले असतात, तळहाताएवढे, चपटे आणि पातळ, लाकडी पट्ट्यांच्या खाचांत ओळीने बसवलेले, पावसाची झड अडते, ऊन डोळ्यांवर येत नाही आणि आत दुधासारखा उजेड पसरतो. पोर्तुगालात हे कुठून येणार?

याच घराण्यातले लुईस द मिनेझिस ब्रागांझा. १९०० मध्ये 'ओ हेराल्दो' हे वर्तमानपत्र काढणाऱ्यांपैकी एक, आणि १९३० मध्ये गोव्याला स्वयंनिर्णयाचा हक्क आहे असा ठराव सरकारी परिषदेत मांडणारे. पोर्तुगीज बंगला म्हणणाऱ्यांना मी हेच सांगते.

घर चालायचं भाताच्या खंडावर नि माडांच्या उत्पन्नावर. गोवा मुक्तीनंतर १९६४ चा कूळ कायदा आला, १९७५ चा मुंडकार कायदा आला (मुंडकार म्हणजे भाटकाराच्या जमिनीत घर करून राहणारा), कसणाऱ्याला आणि राहणाऱ्याला हक्क मिळाले ते योग्यच झालं, पण भाटकाराचं उत्पन्न आटलं आणि शाकारणीचा खर्च तेवढाच राहिला. त्यात वारसा सगळ्या मुलांना, म्हणून एका घराला अनेक मालक. चांदरचं घरही दोन शाखांत वाटलेलं आहे, दोघांकडे वेगवेगळं जावं लागतं, बघायला गेलात तर दोन्हीकडे हात सैल सोडून पैसे द्या, डागडुजीला त्याचा मोठा आधार असतो.