एकूण पृष्ठफळ आणि आतलं पृष्ठफळ: मास प्रॉपर्टीजचा आकडा कुठे फसवतो

सॉलिडवर्क्स या त्रिमितीय डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये इव्हॅल्युएट टॅबवरचं मास प्रॉपर्टीज उघडलं की वजन, घनफळ यांच्या खाली ‘सरफेस एरिया’ दिसतो. आतून लायनिंग (अस्तर) किंवा प्लेटिंग (विजेच्या मदतीने धातूचा थर) करायचं असलं की बरेच जण हाच आकडा उचलतात. पण तो पार्टच्या झाडून सगळ्या फेसेसचा (पृष्ठभागांचा) असतो: बाहेरची भिंत, तळ, काठ, भोकं, सगळं त्यात आलं.

एक साधा डबा घेऊ. बाहेरचा व्यास १००, आतला ८०, उंची १५०, तळाची जाडी १० मिमी, वरून उघडा. मास प्रॉपर्टीज सुमारे ९८,०१८ चौ. मिमी दाखवेल. आतली भिंत (π × ८० × १४०) ३५,१८६ आणि आतला तळ ५,०२७, म्हणजे आतलं पृष्ठफळ ४०,२१२. ‘भिंत पातळच आहे, निम्मं धरू’ म्हणाल तर ४९,००९ येतात, जवळपास २२ टक्के जास्त. प्लेटिंगला २ अँपिअर प्रति चौ. डेसिमीटर धरले, तर आतल्या भागाला ८ अँपिअर पुरतात. एकूण आकड्यावरून लावाल तर १९.६. इतक्या करंटने कोपरे जळालेच म्हणून समजा.

सॉफ्टवेअरचा यात दोष नाही. उघड्या तोंडाच्या पार्टचं पृष्ठ सलग असतं. काठावरून बोट फिरवत आत गेलात तर ‘आत’ कुठे सुरू झालं, हे भूमितीत कुठेच लिहिलेलं नसतं. ती रेघ आपणच मारायची.

थोडे फेसेस असतील तर मेझर टूल बरं. आतल्या एका फेसवर राइट क्लिक करून ‘सिलेक्ट टँजन्सी’ घेतलं की फिलेटने (गोलाई दिलेल्या कडेने) जोडलेले सगळे फेसेस एकदम निवडले जातात. उरलेले हाताने निवडा आणि एकूण क्षेत्रफळ वाचा. तीक्ष्ण कोपऱ्यापाशी ही साखळी तुटते. उलट काठालाही फिलेट असेल तर निवड तिथून ओघळत बाहेरच्या भिंतीवर जाते, आणि हे पटकन लक्षात येत नाही. अशा वेळी स्प्लिट लाइनने (फेसवर रेघ मारून त्याचे भाग करणाऱ्या कमांडने) काठाचा फेस आधी दुभागून घ्यावा आणि बाहेरच्या बाजूचे फेसेस निवडीतून हाताने काढावेत. द्रव अर्ध्यापर्यंतच भरणार असेल तर त्या पातळीवर प्लेन (काल्पनिक सपाट पृष्ठ) टाकून भिंतही तशीच कापायची. सेक्शन व्ह्यूवर (पार्ट कापून दाखवणाऱ्या दृश्यावर) मात्र विसंबू नका: ती फक्त दिसण्याची सोय आहे, अर्धा दिसणारा फेस निवडला तरी क्षेत्रफळ पूर्ण फेसचंच येतं.

व्हॉल्व्ह बॉडी किंवा मॅनिफोल्डसारख्या गुंतागुंतीच्या पार्टमध्ये एकेक फेस वेचण्यापेक्षा पोकळीचीच सॉलिड बॉडी बनवणं सुटसुटीत. प्रत्येक तोंडावर प्लॅनर सरफेसचं झाकण बसवा, मग इंटरसेक्ट या कमांडमध्ये पार्ट आणि झाकणं निवडून ‘क्रिएट इंटर्नल रीजन्स’ घ्या, ‘मर्ज रिझल्ट’ची खूण काढा. आलेल्या बॉडीचं पृष्ठफळ मास प्रॉपर्टीजमध्ये बघा. आणि झाकणं वजा करा! आपल्या डब्याची पोकळी ४५,२३९ दाखवेल. त्यातले ५,०२७ तोंडाचे, जिथे धातूच नाही. रीजन (बंदिस्त पोकळी) तयारच झाला नाही, तर बहुधा एखादं तोंड उघडं राहिलेलं असतं, बऱ्याचदा छोटं ड्रेन होल.

कॉस्मेटिक थ्रेड (मॉडेलमध्ये फक्त दिसण्यापुरत्या दाखवलेल्या आट्या) या दोन्ही हिशोबांत धरला जात नाही. तिथे सरळ भोकाचंच क्षेत्रफळ येतं. मेट्रिक आट्यांचं खरं पृष्ठ त्याच्या दीडपटीहून जास्त भरतं, तेव्हा आट्यांवरही थर चढणार असेल तर तेवढी भर हाताने घालावी. असेंब्लीत अडचण उलटी: बोअरमध्ये (गोल भोकात) दाबून बसवलेल्या बुशचा (नळीसारख्या भागाचा) बाहेरचा फेस आणि बोअरचा फेस, दोन्ही एकूण आकड्यात मोजले जातात, जरी तिथे रंगाचा थेंबही पोचणार नसला तरी.

युनिट्स शेवटी एकदा तपासाच. १ चौ. मीटर म्हणजे १०,००,००० चौ. मिमी, तर प्लेटिंगवाल्याचा १ चौ. डेसिमीटर म्हणजे १०,०००. आपला डबा आतून ४.०२ चौ. डेसिमीटर, १०० मायक्रॉनचा वाळलेला थर हवा असेल तर साधारण ४ घन सेंमी माल, तोही वाया जाणारा सोडून.