‘साहेबांनी सांगितलंय’ हा बचाव नाही

अमेरिकेच्या कोस्ट गार्डमध्ये बिल मंजुरीचा अधिकार खाली दिला तरी चुकीचं खापर वरिष्ठांवरच फुटतं, असा जुना समज आहे. तो खोटा आणि घातक आहे. प्रमाणनाचा, म्हणजे बिल बरोबर आहे अशी सही करून ते मंजूर करण्याचा, अधिकार लेखीच द्यावा लागतो. तो घेणारा वैयक्तिकरीत्या जबाबदार ठरतो. बेकायदा किंवा चुकीचं पैसेवाटप झालं तर वसुली त्याच्याकडून होऊ शकते, हुद्दा कितीही लहान असो. म्हणून बोटीच्या डिझेलचं बिल आलं की माल खरंच पोचला का, दर करारातलाच आहे का, बेरीज बरोबर आहे का, हे तपासल्याशिवाय सही करूच नये. शंका असेल तर आधी कायदेशीर निर्णय मागता येतो. अधिकृत नोंदींवर विसंबून, काळजीपूर्वक सही केली असेल तर वसुलीतून सूटही मिळू शकते.